झाकण कधी लावायचं

बाई, झाकण नक्की कधी लावायचं, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. लावायचं हे सांगितलंत, का लावायचं तेही सांगितलंत, पण कधी, ते राहिलं. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की एव्हाना मला विचारण्याजोगं दुसरं कुणी मिळायला हवं होतं. कॉलेजात तुमच्या जागी रसायनाचे नवे सर आले आहेत, त्यांना फोन केला. ते चांगलं बोलले, पण शेवटी म्हणाले, नेटवर बघ. नेटवर प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे आणि प्रत्येकाला आपल्या उत्तराची खात्री आहे. मला स्वतःच्याच उत्तराची नसते, तर त्यांच्या कशी धरू? म्हणून तुम्हालाच लिहितो आहे. पोचणार नाही हे माहीत आहे. पण तुम्हाला सांगायचं म्हटलं की मी वाक्य नीट लावतो, आणि वाक्य नीट लागलं की कधी कधी पुढचं सुचतं.

मी आता काय करतो ते आधी सांगतो. बारावी पूर्ण झाली नाही, ते तुम्ही असतानाच ठरलं होतं. बाबांची कंबर गेली ती परत आली नाही. माडांवर आता धाकटे काका चढतात आणि बाबा खाली बाजेवर बसून त्यांना सूचना देतात, ज्या ते ऐकत नाहीत. सकाळची माडी सकाळीच खपते. जी उरते ती दुसऱ्या दिवशी कुणी तोंडाला लावत नाही, ती माझ्याकडे येते. तिचं मी व्हिनेगर करतो. आई त्याला अजून आंबट माडीच म्हणते, आणि आमच्या गावापासून खाडीकडे गेलं की मुसलमान वस्ती आहे, तिथल्या एक मावशी, ज्यांना सगळे खाला म्हणतात, त्या त्याला सिरका म्हणतात. अलिबागची दोन-तीन हॉटेलं घेतात. खाला लोणच्यासाठी घेतात, आणि त्यांच्या ओळखीनं आणखी काही घरं. मोठं काही नाही, पण घर त्यावर चालतं. ही कल्पना तुमची. तुमच्या वाडीतले माड तेव्हा बाबांकडे होते; तुमच्या मागच्या दारी ते माडीचं मडकं उतरवत होते आणि मी उंबऱ्याशी वही घेऊन उभा होतो, तेव्हा तुम्ही खोबरं खवता खवता म्हणालात की उरलेली माडी फेकता कशाला, कार्बनी रसायनाचा अर्धा धडा तुमच्या मडक्यात आहे. बाबांना वाटलं तुम्ही माडीला नावं ठेवताय. ते वाटेत म्हणाले, "बाईंना धडा काय आन् माडी काय, सगळा सारखाच."

तुमच्या त्या स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा मला कॉलेजातल्या फळ्यापेक्षा जास्त आठवतो. कॉलेजात सगळं इंग्रजीतून. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. स्पेलिंग माझं एकही चुकत नसे, कारण मी शब्द चित्रासारखा पाठ करत असे, पण त्या शब्दाचा अर्थ काय ते विचारलं की मी वहीची पानं उलटत बसायचो. तुम्ही हे ओळखलंत आणि रविवारी घरी ये म्हणालात. पहिल्या रविवारी तुम्ही वहीच उघडू दिली नाहीत. एक बोट पाण्यात बुडवून ओट्यावर 'पाणी' लिहिलंत. दुसरं बोट स्पिरिटमध्ये बुडवून शेजारी 'स्पिरिट' लिहिलंत, आणि नारळ घेऊन बसलात. मी बघत उभा आहे. स्पिरिट हा शब्द लांब, तरी तो आधी उडाला. वेलांटी आधी गेली, मग 'ट', आणि 'पाणी' अजून ओलंच. का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, स्पिरिट हलकं असतं. तुम्ही म्हणालात, हलकं भारी सोड, कोण कुणाला किती धरून ठेवतं ते बघ. पाण्याच्या रेणूला ऑक्सिजनच्या दोन्ही बाजूंना हायड्रोजन आहे, तो शेजाऱ्यांना दोन्ही हातांनी धरतो. अल्कोहोलचा एक हात हायड्रोजनचा, दुसऱ्या बाजूला कार्बनची शेपटी. तो एका हातानं धरतो. म्हणून तो पाण्याआधी सुटतो. पण इथरसारखा पटकन सुटत नाही, कारण इथरला हायड्रोजनचा हातच नाही, ऑक्सिजन दोन शेपट्यांच्या मधे अडकलेला. आणि शेपटी लांब होत गेली की अल्कोहोल पाण्यात मिसळेनासं होतं, तेलकट होतं. हे सगळं पुस्तकात होतं आणि मला तोंडपाठही होतं. पण ते ओट्यावर वाळताना बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्यालाही समजू शकेल.

तुमचं एक बोलणं मात्र लागलं होतं. ऑक्सिडीकरणाच्या समीकरणात मी बाणाच्या दोन्ही बाजूंना 'इथेनॅल' लिहिलं. मराठीतून लिहायची परवानगी तुम्हीच दिली होती. तुम्ही पेन्सिलनं त्या शब्दाभोवती गोल केलात आणि विचारलंत, "काना कुठे गेला?" मी म्हणालो, घाईत राहिला. तुम्ही म्हणालात, "एका कान्यानं तू पदार्थ बदललास. व्याकरणात अर्धा गुण जातो, इथे जीव जाईल." मग आवाज जरा खाली आणून तुम्ही समजावलंत. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल. त्याच्यातून दोन हायड्रोजन काढले की इथेनॅल. इंग्रजीत त्या जागी एक अक्षर जाऊन दुसरं येतं, पण मराठीत चंद्र तसाच राहतो आणि काना गळतो. इथे खरोखर काहीतरी गळतं, म्हणून मराठी बरं. मिथेनॉल पोटात गेलं तर शरीर त्याचाही काना काढतं, आणि जे होतं त्यानं आणि त्याच्या पुढच्या आम्लानं डोळे जातात. बाई, मला शुद्धलेखनाची आवड आधीपासून होती. त्या दिवसानंतर ती आवड राहिली नाही, धाक झाला. अजूनही दुकानाच्या पाट्यांवर राहिलेला काना दिसला की मी थांबतो.

माडीचं तसंच. साखरेची माडी होते, म्हणजे इथेनॉल होतं, ते झाडावरच मडक्यात सुरू होतं. मग हवा लागते, जंतू लागतात, काना जातो, इथेनॅल होतं. ते थांबत नाही, त्याला हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि आम्ल होतं. तुम्ही म्हणायचात की प्राथमिक अल्कोहोलचा हा स्वभाव आहे, त्याला दोन पायऱ्या उतरता येतात. द्वितीयक एकच पायरी उतरतं आणि कीटोन होऊन बसतं. तृतीयक तर जागचं हलत नाही, कारण त्याच्या त्या कार्बनवर काढायला हायड्रोजनच नसतो. मी विचारलं होतं की मग तृतीयक बरं ना, बिघडत नाही. तुम्ही हसलात. म्हणालात, बिघडत नाही आणि सुधारतही नाही.

टिंक्चरची गोष्ट आमच्या घरी अजून सांगतात. तुम्ही मला आयोडोफॉर्मची चाचणी शिकवली होती: थोडा नमुना, धुण्याचा सोडा, आयोडीन, जरा कोमट करायचं, अल्कोहोल असेल तर पिवळं गढूळ होतं आणि दवाखान्यासारखा वास येतो. मला वाटलं, घरीच करावी. आईच्या डब्यात जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन होतं. बरणीतलं व्हिनेगर घेतलं, पिवळं. आठवडा थांबलो, पिवळं. आणखी थांबलो, पिवळंच. आई म्हणत होती, झालंय की, नाकाला झिणझिण्या येताहेत. पण मला समोर पिवळं दिसत होतं, मी ऐकेना. शेवटी मी ती बरणी तुमच्याकडे घेऊन आलो, टिंक्चरच्या बाटलीसकट. तुम्ही विहिरीचं पाणी दिलंत आणि म्हणालात, आता यावर कर. पाणी पिवळं झालं. मी घाबरून म्हणालो, बाई, विहिरीत अल्कोहोल आहे. तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. मग बाटली फिरवून लेबलावरचा बारीक शब्द दाखवलात. टिंक्चर स्पिरिटमध्येच केलेलं असतं. "अरे, तुझ्या प्रश्नातच उत्तर कालवलेलं आहे. काहीही विचारलंस तरी तेच येणार." घरी मी हे प्रामाणिकपणे सांगितलं, ती चूक झाली. बाबा पुढचा महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या हिरीला माडी लागली हाय. पोरानं सोधून काढलीन."

ते तुमचं वाक्य मला व्हिनेगर सोडूनही पुष्कळ ठिकाणी लागू पडतं. मी रात्री दाराची कडी बघायला उठतो, गॅस बघायला उठतो. बंद आहे की नाही असं मी विचारतच नाही, उघडं असेल असं धरूनच उठतो. हे जाऊ दे. त्याच रविवारी तुम्ही कॉलेजच्या कपाटातून नव्हे, स्वतःच्या पैशानं आणलेलं आयोडीन मला करून दिलंत. आयोडीन नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, पोटॅशियम आयोडाइड घातलं की विरघळतं, ते डोळ्यांदेखत दाखवलंत. तपकिरी बाटली, बाहेर तुमच्या अक्षरात चिकटपट्टीवर 'पाण्यातले'. म्हणालात, आधी नुसत्या पाण्यावर करत जा, मग नमुन्यावर. आणि पुरवून वापर. त्यासोबत एक गोष्ट बजावलीत की पिवळा रंग काना ओळखत नाही. इथेनॉल असलं तरी पिवळं, इथेनॅल असलं तरी पिवळं. काहीतरी उरलंय एवढंच तो सांगतो.

आणि झाकणाचं बोलणं त्याच्या पुढच्या रविवारचं. मी विचारलं की पूर्ण झालं की मग काय. तुम्ही म्हणालात, पूर्ण झालं म्हणून ते जंतू थांबत नाहीत. अल्कोहोल संपलं की ते आम्लही खायला लागतात, आणि हळूहळू सगळ्याचं पाणी होतं. म्हणून वेळेवर झाकण घट्ट लावायचं, हवा तोडायची. मी विचारलं, वेळेवर म्हणजे कधी? तेवढ्यात दूध उतू गेलं. तुम्ही फडकं घेऊन धावलात, मी ओटा पुसायला घेतला, आणि ते तसंच राहिलं. नंतर मी कॉलेज सोडलं तरी रविवारी येत होतो, पण तेव्हा तुमचा दम वाढला होता आणि मी विषय काढला नाही. मुलगा तुम्हाला रेवसवरून लाँचनं मुंबईला घेऊन गेला, ते मला तुमच्या वाडीतल्या गड्यानं सांगितलं. पुढचंही त्यानंच सांगितलं, दिवस होऊन गेल्यावर. आता तुमच्या घरी शनिवार-रविवारची पाहुणेमंडळी उतरतात. ओटा काढून बाहेर नळाखाली ठेवला आहे, समुद्रावरून येणारे त्यावर उभे राहून पाय धुतात. ओला असतो नेहमी. मी बघतो आणि पुढे जातो.

आता खालांचं सांगतो, कारण त्यासाठीच हे लिहायला घेतलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, मुलगा आखातात असतो. कोलंबीचं लोणचं खाला सिरक्यातच घालतात. लग्नाच्या जेवणाला तर हवंच, शिवाय मुलीबरोबर एक बरणी परदेशी जायला हवी, सासरच्या माणसांना तसा शब्द गेला आहे. त्या स्वतः आमच्या अंगणात आल्या. पाणी प्यायल्या, बाबांच्या कंबरेची चौकशी केली आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या की सिरका त्यांना चालतो. माडी आपसूक फिरून सिरका झाली तर त्यांच्यात हरकत नसते, त्यांनी विचारून घेतलं आहे. पण अर्धवट नको. "दुसऱ्या कुनाला मी विचारीत न्हाय, बेटा. तू बोल, पूरा झालाय का? तू हो बोललास तर हो." मी म्हणालो, बघून सांगतो. बाई, मी कुणाला हो म्हणावं आणि त्यावर कुणाचा धर्म उभा असावा, इतका मी मोठा नाही.

या खेपेचा माल मी नेहमीच्या चिनी मातीच्या बरण्यांत केला नव्हता. माझा मावसभाऊ न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, त्यानं येताना नवी कोरी प्लॅस्टिकची पिंपं आणून दिली, खाण्याच्या वस्तूंसाठी असतात तसली, आत रबराची कडी असलेल्या झाकणांची. मला ती फार आवडली. धूळ नाही, चिलटं नाहीत, मुंग्या नाहीत. मागच्या वर्षी एक बरणी जास्त दिवस राहून पाणचट झाली होती, तेव्हापासून तुमचं बोलणं डोक्यात होतंच. म्हणून यंदा वास जरा आंबट झाल्याबरोबर मी झाकणं फिरवून गच्च केली. वरून टेपही लावली. एकदा लावली, मग दुसऱ्या दिवशी तिच्यावरून आणखी एक. आई म्हणाली होती की फडकं बांध नुसतं, तिलाही श्वास लागतो. मी म्हणालो, बाई सांगायच्या, हवा तोडायची.

खाला येऊन गेल्यावर मी टेप सोडवून पहिलं झाकण काढलं. आई चुलीपाशी होती, तिनं तिथूनच विचारलं, "घरात नखं कोण रंगवतंय?" खरंच नखपॉलिशचा वास होता. गोडसर, डोक्यात जाणारा. मी झाकण हातात धरून तसाच उभा राहिलो, कारण तो वास मला तुमच्याकडून माहीत होता. अल्कोहोल आणि आम्ल एका भांड्यात फार दिवस राहिली की एकमेकांना धरतात आणि एस्टर होतं. फळांचे वास बहुतेक एस्टरांचेच, असं तुम्ही सांगितलं होतं. ती क्रिया कधी पुरी होत नाही, मधेच थबकते, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालू राहते. म्हणजे पिंपात आम्ल होतं, आणि अल्कोहोलही होतं. आणि ते राहिलं होतं ते मी झाकण लावल्यामुळे. दुसरी पायरी उतरायला हवा लागते, ती मीच तोडली होती, तुम्ही सांगितलं तसं घट्ट आणि तुम्ही सांगितलं नाहीत त्या वेळेला.

तरी मी चाचणी केली. नुसता वास म्हणजे पुरावा नाही, असं मीच स्वतःला सांगितलं. तुमच्या बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. आधी विहिरीचं पाणी घेतलं. सोडा घातला, थेंब टाकले, कोमट केलं. तपकिरी रंग हळूहळू उडाला आणि पाणी स्वच्छ राहिलं. बाबा बाजेवरून बघत होते. "हिरीची उतरली म्हनायची," म्हणाले. मग पिंपातला नमुना. सोडा घातल्यावर फसफसला, फेस बसेपर्यंत थांबलो, आणखी सोडा, मग उरलेले सगळे थेंब. पिवळं गढूळ आलं, हळू आलं, पण आलं. या वेळी प्रश्नात उत्तर नव्हतं. मला क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू, की माझी भीती या खेपेला निदान खरी होती. मग बरं वाटणं संपलं.

बाबांचं म्हणणं, हो सांगून टाक. "आंबट हाय ना? मग झाला. तिला काय कलनार हाय?" आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तिला कळणार नाही म्हणून तर तिनं याला विचारलंन." त्यावर बाबा म्हणाले, चार यत्ता शिकला आन् सोताच्या माडीकडं पोलिसासारखा बघाय लागला.

मी दुसऱ्या दिवशी सायकल काढून खालांकडे गेलो. रस्त्यात वाक्य तयार करत होतो. एस्टर सांगावं का, इथेनॅल सांगावं का, किती सांगावं. त्या पडवीत बसून कोलंब्या सोलत होत्या, लग्नाच्या नव्हे, घरच्या. मी उभ्यानंच म्हणालो, "खाला, पूर्ण नाही झालं."

"किती बाकी हाय?"

"किती ते मला सांगता येत नाही. राहिलंय एवढं नक्की. झाकण मी लवकर लावलं."

त्यांनी हातातली कोलंबी पुरी सोलली, ताटात टाकली आणि विचारलं, "तुझा बाप काय बोलतो?"

"झालंय म्हणतात."

त्या हसल्या. "बापाला विचारायचं असतं तर मी बापालाच विचारलं असतं. त्याला माड अजून रोप असताना विचार, तो बोलेल झालाय." मी लोणच्याचं काय करणार ते विचारलं. म्हणाल्या, लग्नात लिंबू पिळून घालीन, लिंबाला कुणी विचारत नाही पूरा झालास का. पण लिंबातलं परदेशी जाईपर्यंत टिकायचं नाही, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. सासरी काय सांगायचं, ते त्या मनात लावत होत्या, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाल्या, मुलीचा भाऊ ईदला येऊन परत जाईल, त्याच्याबरोबर बरणी धाडीन. "तोवर होईल ना?" मी म्हणालो, होईल असं वाटतं. "वाटतं नको. झाला का मग ये सांगायला." आणि निघताना त्यांनी मला सोललेल्या कोलंब्या बांधून दिल्या, आईसाठी. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, ठेव, यात काय शंका घेन्यासारखं न्हाय.

घरी येऊन सगळ्या पिंपांची झाकणं काढली. आईच्या जुन्या लुगड्याची फडकी बांधली. पहिले काही दिवस नखपॉलिशचा वास तसाच होता, आता कमी झाला आहे. म्हणजे हवा लागली आणि गाडी पुन्हा चालू झाली. आता पुढचा प्रश्न तोच, तुमच्या दुधाच्या वेळचा. खालांना एकदा हो म्हणायचं आहे, आणि त्या क्षणी झाकण लावायचं आहे. आधी लावलं तर अर्धवट, उशिरा लावलं तर पाणी. तुमची बाटली संपली. आयोडीन मागवता येईल, मागवीनही. मावसभाऊ म्हणाला आहे की बघतो. पण पिवळं येईनासं झालं म्हणजे संपलं, की इतकं थोडं उरलं की दिसत नाही, हे ते आयोडीनही सांगणार नाही. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात याचा मी खूप विचार केला. आणि मला एवढंच आठवलं की त्या टिंक्चरच्या रविवारी, सगळं आवरून झाल्यावर, तुम्ही माझ्या बरणीतून चमचाभर घेतलंत, जिभेवर टेकवलंत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, झालंय रे हे, केव्हाच झालंय. आणि चमचा धुऊन माझ्यापुढे धरलात. मी घेतला नाही. पहिल्या तासाला तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं की प्रयोगातलं काहीही चाखायचं नाही, आणि ते मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी म्हणालो, घसा दुखतोय. तुम्ही चमचा परत ठेवलात. स्वयंपाकघर होतं ते, बाई, प्रयोगशाळा नव्हती. पण मला ते वेगळं करता आलं नाही.

घसा दुखत नव्हता. आणि त्यानंतर इतकी वर्षं हे करतोय, विकतोय, हॉटेलवाल्यांना सांगतोय की चव बघा, पण मी स्वतः एक थेंबही कधी जिभेला लावला नव्हता. आईनं सारात हे घातलं असलं की मी वेगळं घेतो, ती पथ्य समजते. आज सकाळी पहिल्या पिंपाचं फडकं सोडलं आणि चमचा बुडवला. आंबट लागलं. आंबटाच्या मागून जरा ऊन, गोडसर असं काहीतरी आलं आणि घशात राहिलं. त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. उद्या ते किती उरतं ते बघीन. फडकं परत बांधलं आहे, झाकण अजून लावलेलं नाही.